सुडापुरतं चिनी

आंबिया बहाराची तोड सुरू झाली की अमरावतीचे रस्ते ओळखू येत नाहीत. मोर्शीकडून गाड्या येतात, करंड्या उतरतात, करंड्यांतलं वाळलेलं गवत वाऱ्यानं गावभर होतं, आणि सकाळच्या थंडीत दारादारांतून संत्र्याच्या सालीचा वास येतो. लोक म्हणतात, काय सुरेख वास! मला त्या वासानं राग येतो. चार-पाच वर्षं झाली. आता मी मुलींच्या शाळेत शिकवते, पोरी मला भितात, गावात थोडा मान आहे. तरी संत्रं सोलताना सालीचा तुषार डोळ्यात उडाला की तो जुना राग जसाच्या तसा उठून बसतो. खरं सांगायचं तर मला तो हवाच असतो. जुना माणूस भेटल्यासारखा मी त्याला भेटते, त्याची विचारपूस करते, वाळला तर नाही ना ते पाहते.

शाळेत मी क्षमेचेही धडे शिकवते. शिकवताना चेहरा सरळ ठेवते, एवढंच.

तेव्हा मी नुकतीच मॅट्रिक झाले होते. बाबांची मोर्शीला संत्र्याची बाग, आणि माझ्या शाळेसाठी अमरावतीला अंबागेटाजवळ घेतलेलं घर. आमच्याकडे संत्र्याची तोड आणि मुली दाखवण्याचे दिवस एकदमच येतात. तुळशीचं लग्न झालं आणि अकोल्याहून आत्याचा निरोप आला: मुलगा पुण्यात शिकलेला, वकिलांचा पुतण्या, पोरीला इकडंच घेऊन या. बाबांनी झाडावरून निवडून काढलेली संत्री धोतराच्या सोग्यानं एकेक पुसून करंडीत रचली. बडनेऱ्याला गाडी बदलून आम्ही अकोल्याला उतरलो आणि मोर्णेचा पूल ओलांडून जुन्या शहरात आत्याच्या घरी गेलो. थंडीतही मला घाम फुटला होता, हे मला आजही आठवतं. आत्यानं माझ्या केसांत शेवंती माळली, ती टोचत होती.

मुलाचं नाव श्रीधर. शेजारी त्याचे वकील काका. श्रीधरनं मला एक उतारा वाचायला दिला. तो मी कुठंही न अडखळता वाचला, वाचनात मी कधीच कमी नव्हते. मग त्यानं विचारलं, "गोष्टी आवडतात की कविता?"

"मले दोन्ही आवडते," मी म्हणाले.

शाळेत बोलायची भाषा मला येत होती. पण भीतीच्या वेळी माणसाच्या तोंडात घरची भाषा येते.

"मले!" श्रीधर हसला. काकांकडे वळून त्यानं तो शब्द पुन्हा म्हटला, गमतीची वस्तू उचलून दाखवावी तसा. "मले!"

"आमची इंदू हुशार हाय जी," बाबा म्हणाले.

"भाषा तुमच्याकडूनच घेतलेली दिसते," काका म्हणाले, आणि दोघंही पुन्हा हसले.

मग श्रीधर बाबांना समजावून सांगू लागला. तो बंगालात चिनी शिकायला चालला होता. बौद्धांचे जुने ग्रंथ आपल्याकडे हरवले, चिनीत शिल्लक राहिले, ते तो परत आणणार होता. "हजारो अक्षरांची भाषा आहे ती," तो म्हणाला. "आणि तुमच्या मुलीला आपल्याच भाषेतली एक विभक्ती सांभाळता येत नाही. माझ्याशी ती बोलणार काय?"

नकार तिथल्या तिथे मिळाला. करंडी मात्र काकांनी टांग्यात ठेवून घेतली.

परतीच्या गाडीत बाबा खिडकीबाहेर पाहत होते. कापूस वेचलेली रानं मागे जात होती. मला तेव्हा राग आलाच नव्हता, नुसतं अंग बधिर झालं होतं. राग आला तो पुढं, घरी. नागपूरचा एक व्यापारी बागेचा सौदा करायला आला होता. बाबा त्याच्याशी बोलता बोलता म्हणाले, "मले वाटते…" आणि थांबले. काटा रुतल्यासारखे थांबले. मग हळूच म्हणाले, "मला… मला वाटतं." तो व्यापारी स्वतः गावठी हिंदी बोलणारा, त्याला काही कळलंही नाही. मी दाराआड उभी होते, मला कळलं. त्यानंतर चार माणसांत बाबा बोलेनासे झाले. बागेतल्या भांडणांत ज्यांचा आवाज शेजारच्या शिवारात जायचा ते बाबा पाहुणे आले की सुपारी कातरत बसू लागले.

माझा अपमान मी कदाचित विसरले असते. बाबांचं ते "मला" मी विसरले नाही.

अंबागेटापासून थोडं पुढं एका चिनी दातवाल्याचं दुकान आहे. बाहेर काचेच्या पेटीत प्लास्टरचे जबडे मांडलेले, त्यांना पाहून लहान मुलं रडतात. माझ्या मायची दाढ दुखू लागली म्हणून मी तिला तिथं घेऊन गेले. माय खुर्चीत बसून देवाचं नाव घेत होती. मागच्या खोलीत दातवाल्याची बायको तांदूळ निवडत होती, आणि तिच्याजवळच्या फळीवर पातळ, चित्रांची पुस्तकं होती. मी एक उचललं. पानावर एक चित्र आणि त्याच्याखाली एकच मोठं अक्षर. डोंगर. पाणी. माणूस. हीच ती हजारो अक्षरांची भाषा, आणि तिचं पहिलं पान आमच्या अंकलिपीपेक्षा सोपं होतं!

"क्या देखता?" तिनं विचारलं. या भागात बरीच वर्षं राहून ती बाजारातली हिंदी बोलायची.

"मले हे शिकवाल काय?"

"किसलिए?"

खोटं बोलावंसं वाटलं नाही. "एका माणसाले खाली पाहाले लावाचं हाय."

तिनं सूप बाजूला ठेवलं. "बड़ा आदमी?"

"सोतःले समजते."

"तो जल्दी नहीं होगा," ती म्हणाली, आणि पाट पुढं सरकवला. "बैठो."

ल्यूबाई तिचं नाव. ती पुस्तकं तिच्या मुलीची होती. मुलगी कलकत्त्याला नातेवाइकांकडे राहून चिन्यांच्या शाळेत शिकत होती, आणि तिची संपलेली पुस्तकं इकडे आईकडे यायची. बदल्यात मी ल्यूबाईला आपली बाराखडी शिकवली. बाजारातल्या पाट्या वाचता येऊ लागल्या तेव्हा ती रस्त्यात उभी राहून मोठ्यानं वाचायची, आणि कापडवाले बाहेर येऊन पाहायचे.

त्या पुस्तकांची रीत मला अजून फार आवडते. पहिल्या पुस्तकात सुटी अक्षरं, मग दोन-दोन अक्षरांच्या जोड्या, मग इवली वाक्यं. प्रत्येक धड्यात नवीन अक्षरं फक्त तीन-चार, बाकी सगळी ओळखीची. म्हणजे परक्या गावात शिरावं आणि प्रत्येक वळणावर कालचाच माणूस उभा असावा. डोंगर कळला, पाणी कळलं, की पुढच्या पानावर "डोंगरात पाणी आहे." लहान कळलं, मोठं कळलं, की "मोठ्या डोंगरात लहान पाणी आहे." माझ्या पोटात विष उकळत होतं आणि मी मोठ्यानं वाचत होते, "ताई फूल तोडते. धाकटी बहीण हसते." सगळी पुस्तकंच तशी, गोड. त्यांत कुणी कुणाचा अपमान करत नाही, कुणाची करंडी कुणी पळवत नाही. मी रोज नव्या पानावर एखादा दुष्ट माणूस शोधायची. तिसऱ्या पुस्तकात एक कोल्हा आला तेव्हा मला कोण आनंद झाला!

अक्षरं पाटीवर गिरवायची. हातात खडू, बोटं पांढरी, आणि ल्यूबाई मागून माझं मनगट धरून रेघ कुठून सुरू करायची ते दाखवायची. उलटी काढलेली रेघ दिसायला तशीच दिसली तरी ती पुसून टाकायची. द्वेषाचं अक्षर मी हट्टानं मागून घेतलं. त्याच्या डाव्या अंगाला एक काळीज उभं असतं. मग तिनं आपणहून विसरण्याचं अक्षर काढून दाखवलं. त्यातही काळीज आहे, पण खाली, आणि त्याच्या डोक्यावर मरण बसलेलं. पहिलं अक्षर मला एकदाच पाहून आलं. दुसरं मी कितीदा तरी चुकले.

दुसऱ्या पुस्तकात एक छोटं अक्षर भेटलं, ते सगळीकडे यायचं. मी विचारलं, याचा अर्थ काय? ल्यूबाईनं माझ्या बांगडीला हात लावला. "तेरा चूड़ी." मग आपल्या नाकाला. "मेरा नाक. ये अक्षर बीच में बैठता." म्हणजे आपला चा-ची-चे. चिनीतली षष्ठी! विभक्ती हा शब्द आठवून मला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

आणि एक दिवस तिनं सांगितलं की पुस्तकातली बोली ती तिची नव्हेच. तिचं गाव मोठ्या नदीच्या काठी, तिथं बोलणं वेगळं. "अक्षर एक. मुँह अलग. उत्तर का आदमी हमको सुनके हँसता."

"मंग तुमी काय करता?"

"मैं भी हँसता. उसका बोली भी मेरे को बंदर लगता."

मी तिच्याच तोंडानं शिकले. जशी ती म्हणायची तसंच म्हणत गेले, आणि ते सुधारावंसं मला एकदाही वाटलं नाही.

दुसऱ्या वर्षी जपानी फौज तिच्या मुलखात शिरली. कलकत्त्याहून तिचा दीर आला, त्यानं सांगितलं की तिचं माहेर जाळलं. आई नाही, भाऊ नाही, घर नाही. ल्यूबाई त्या दिवशी रडली नाही. दुपारी मी गेले तेव्हा ती दुकानातले प्लास्टरचे जबडे एकेक काढून फडक्यानं पुसत होती. "आज पढ़ाई नहीं," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनंच पाटी पुढं ठेवली. तिचं वैर कुठं होतं आणि माझं कुठं, हे मला तेव्हा दिसत होतं. पण दुसऱ्याची आग मोठी आहे म्हणून आपला चटका थंड होत नाही. माझा झाला नाही.

मला वाटलं होतं की माझं हे शिकणं कुणाच्या लक्षात यायचं नाही. पण माय आत्याजवळ बोलली, आत्या अकोल्यात बोलली, आणि बोलता बोलता गोष्टीचं तोंडच फिरलं. इंदू त्याच्यासाठी चिनी शिकून राहिली. नकार मिळाला तरी पोरीनं मन काढलं नाही. काय निष्ठा! आत्यानं हे सांगताना डोळे पुसले असणार. मला कळलं तेव्हा मी भिंतीवर डोकं आपटायचं बाकी ठेवलं. सुडालाही लोक प्रेम म्हणतात, कारण बाईनं एखाद्या पुरुषाचा इतका विचार दुसऱ्या कशासाठी करावा, हे त्यांना सुचतच नाही.

आणि मग, पुन्हा करंड्या उतरू लागल्या त्याच दिवसांत, तो आला. बंगालातून शिकून आला होता. जुन्या ग्रंथाचं मराठी करत होता आणि घरात मदतीला चिनी जाणणारं माणूस असलं तर बरं, असा त्याचा विचार होता. आत्याचा निरोप आधी आला: यावेळी ते लोक स्वतः अमरावतीला येताहेत. मायनं पुरणाची डाळ भिजत घातली. बाबा अडकित्ता घेऊन ओसरीवर बसले.

श्रीधर थोडा वाळला होता, चष्मा लागला होता. काका होते तसेच. मी चहा घेऊन गेले तर श्रीधर उभा राहिला. मागच्या वेळी बसूनच होता.

"तुम्ही माझ्यासाठी इतके कष्ट घेतलेत," तो हळू आवाजात म्हणाला, "हे कळल्यावर मला राहवलं नाही. मागचं विसरून जा."

त्या क्षणी त्याला नुसतं नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मी एवढी वर्षं डोंगर-पाणी-माणूस गिरवत बसले होते ते नुसत्या नाहीसाठी नव्हे. मी आत गेले आणि तिसरं पुस्तक घेऊन आले. मांजराच्या पिल्लाचा धडा उघडून त्याच्या पुढ्यात ठेवला.

"मी पण तुमाले पाहून घेते म्हणलं," मी म्हणाले. "हे वाचून दाखवा."

काका खळखळून हसले. "घ्या! आता मुली मुलांची परीक्षा घेतात."

श्रीधरही हसला. चित्र पाहिलं, चष्मा सारखा केला, आणि सुरुवात केली. पहिली दोन अक्षरं बरोबर. मग थांबला. त्याच्या ग्रंथांत निर्वाण होतं, शून्य होतं, करुणा होती. मांजराचं पिल्लू नव्हतं, तोंड धुणं नव्हतं, खेळायला जायचा हट्ट नव्हता. तो बोट ठेवून पुढं गेला, परत मागं आला. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल होताना मी पाहत होते. डोळा न लवता पाहत होते.

"लहान… पिल्लू असावं," तो म्हणाला. "मग हे लक्ष्य. बाणाचं लक्ष्य असतं ते. लहान पिल्लू, लक्ष्य, तोंड…"

तेच अक्षर! चा-ची-चे! जुन्या ग्रंथांत त्याचा अर्थ खरंच लक्ष्य होतो, हे मला पुढं कळलं. पण माझ्या धड्यात ते मांजराच्या आणि तोंडाच्या मध्ये बसलं होतं, ल्यूबाईच्या मुलीला लहानपणीच कळलं होतं, आणि त्याला कळत नव्हतं.

मी पुस्तक आपल्याकडे वळवलं आणि धडा वाचला, नदीकाठच्या त्या गावच्या तोंडानं, घडाघडा. मग एकेक ओळ सांगत गेले. "मांजराच्या पिल्लाचं तोंड मळलं हाय. माय म्हणते, आंदी तोंड धू. पिल्लू म्हणते, मले खेळाचं हाय." 'मले' वर मी जरा थांबले. "तुमी लक्ष्य म्हणलं ते लक्ष्य नाई. ती विभक्ती हाय. एक विभक्ती तुमाले सांभाळता नाई आली."

ओसरीवरचा अडकित्ता थांबला.

"ही बोलीभाषा आहे," श्रीधर म्हणाला. "शास्त्रात हिला स्थान नाही. आणि तुमचे उच्चारही गावठी आहेत."

"हाय ना," मी म्हणाले. "दोन्ही भाषेतले."

"मग तुम्ही शिकलात कशाला?" त्यानं विचारलं, आणि त्या प्रश्नात रागापेक्षा आश्चर्य जास्त होतं. ते प्रेम नव्हतं हे त्याला तेव्हा कुठं समजत होतं. मला त्याचा तो चेहरा फार आवडला. आजही आवडतो.

"तुमाले हेच दाखवाले," मी म्हणाले.

काका उठले. "अशी पोर कोण करणार? आयुष्यभर घरात ठेवून घ्याल!" हे त्यांनी बाबांना उद्देशून म्हटलं, आणि मला वाटलं, आता बाबा पुन्हा "मला… मला" करत माफी मागणार. बाबा अडकित्ता खाली ठेवून आत आले. त्यांचा बागेतला आवाज मी किती दिवसांनी ऐकला!

"ठेवून घेईन," ते म्हणाले. "माह्या घरात जागा हाय. पोरगी नाई म्हणते, मले पटते. तुमी चहा घ्या, थंडा होऊन राहिला."

चहा त्यांनी घेतला नाही. माय आत पुरणापाशी बसून रडली, आणि ते रडू मी थांबवू शकले नाही. त्यानंतर मला दुसरं स्थळ आलं नाही. येणार नाही हे काका ओसरी उतरतानाच कळलं होतं. श्रीधरचं लग्न पुढं पुण्याच्या मुलीशी झालं आणि तो तिकडेच नोकरीला लागला. सूड कडू असतो असं मला पुष्कळ जण सांगतात, सांगणाऱ्यांनी तो चाखलेला नसतो. मला गोड लागला. त्याची किंमत मी देते आहे, पण ती कुणाला परत मागत नाही.

त्याच संध्याकाळी मी धावत ल्यूबाईकडे गेले. दातवाला दुकानाच्या फळ्या लावत होता. ती मागच्या खोलीत भाजी चिरत होती. मी सगळं सांगितलं. ती हसली, हातातली सुरी खाली ठेवून हसली. "फिर बोलो. उसका मुँह कैसा हुआ?" मी पुन्हा सांगितलं. कान लाल झाले ते, लक्ष्य ते, चहा ते. "फिर बोलो." सांगता सांगता माझ्या ध्यानात आलं की ती आता हसत नाही. ती ऐकत होती, भुकेलं माणूस दुसऱ्याच्या ताटाकडे पाहतं तशी.

मग तिनं पाटी ओढली आणि माझ्यासाठी धडा लिहिला. मला येणाऱ्या अक्षरांतच, एकही नवीन न घालता, त्या पुस्तकांच्या रीतीनं.

एक माणूस आला. माणूस मोठा आहे. पुस्तक लहान आहे. मोठा माणूस लहान पुस्तक वाचत नाही. माणूस गेला.

मी मोठ्यानं वाचलं आणि आम्ही दोघी हसलो. तिनं खडू खाली ठेवला नाही. त्याच्याखाली जागा होती, तिथं ती लिहू लागली. फौज हे अक्षर मला नवीन होतं, ते तिनं सांगितलं. बाकी सगळी जुनी.

फौज आली. नदीवर आली. माझ्या आईचं घर जाळलं. फौज

इथं तिचा हात थांबला. पुढचं अक्षर मला येत होतं. ते तर पहिल्याच पुस्तकात आहे, वरच्या धड्याच्या शेवटी, माणूस गेला, तिथं तिनंच लिहिलं होतं. मला वाटलं, तिला लिहवत नाही, तर मी लिहावं. मी खडू घ्यायला हात पुढं केला. ल्यूबाईनं माझं मनगट धरलं. रेघ शिकवताना धरायची तसं हळू नाही, घट्ट.

"अभी नहीं," ती म्हणाली. "पहले फौज को जाने दो. फिर लिखना."

ती पाटी आम्ही पुसली नाही. दुसऱ्या दिवशी मी बाजारातून नवी पाटी घेऊन गेले आणि चौथं पुस्तक तिच्यावर सुरू केलं. जुनी पाटी अजून त्या खोलीत भिंतीला टेकून उभी आहे. लढाई चालूच आहे. शाळा सुटल्यावर मी जाते, ल्यूबाई दार उघडते, आणि धड्याला बसण्याआधी आम्ही दोघी न चुकता त्या अर्ध्या ओळीकडे पाहून घेतो.